नव्या घरात बिल दीडपट! चोर कुठे शोधू?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपूर्वी आम्ही नव्या घरात राहायला आलो. जुनं घर मोठं, वायरिंग जुनाट, पंखे कुरकुरणारे, फ्रीज माझ्या लग्नाआधीचा. इथे सगळं कोरं, घर एका खोलीने लहान, माणसं तीच. तरी तिकडे महिन्याला २४० युनिटच्या आसपास यायचे. इथे पहिल्या महिन्यात ३६०, मग ३८०, आणि आता ३९५. पाण्याचं बिलही वाढलंय, पण नवीन घर म्हणजे धुणं-पुसणं जास्त, म्हणून ते मी सोडून दिलं.

नवरा म्हणतो मीटर पळतंय. सासूबाई म्हणतात मुलं दिवे चालू ठेवतात. मुलं म्हणतात आजी टीव्ही बघता बघता झोपते. मी म्हणते मला पुरावा हवा.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, बैठकीची खोली पश्चिमेला. बेडरूममध्ये एक एसी (रात्री सहा-सात तास), एक फ्रीज, २५ लिटरचा गीझर, पाच पंखे, वॉशिंग मशीन, दिवे सगळे एलईडी. काय काय करता येईल? फक्त नवीन वस्तू घ्यायला सांगू नका, घर घेऊन खिसा आधीच पालथा झालाय.

दुपारची_झोप

आजीला टीव्हीसमोर झोपू द्या, घरात तेवढीच शांतता. बाकी चालू द्या, मी पहिल्या रांगेत बसलोय.

पाचवा_गिअर

डोळे मिटून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवा. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, हा पूर्ण वेगात ३०-३५. मी घरातले सगळे बदलले. वर रिमोट मिळतो.

खुसपट

"नवीन वस्तू घ्यायला सांगू नका" असं धाग्यात स्पष्ट लिहिलंय हो.

पाचवा_गिअर

वाचलं. पण ही खरेदी नाही, गुंतवणूक आहे.

दुपारची_झोप

व्यायामाची सायकल घेताना मी बायकोला हेच म्हणालो होतो. आता तिच्यावर टॉवेल वाळतात. ड्रायरची वीज वाचली म्हणायचं.

हिशेबनीस

पंख्याचा हिशेब मांडतो. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. ३० वॅटचा असेल तर १०.८. म्हणजे एका पंख्यामागे १६ युनिट सुटतात, आणि तेही तो रोज १२ तास पूर्ण वेगात फिरला तरच. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून हाती काही लागत नाही. ज्याच्याखाली माणूस सगळ्यात जास्त वेळ बसतो-झोपतो तो एक बदलला तर ठीक.

पण मुद्दा वेगळाच आहे. उंबरठाताई, तुमचे जुने कुरकुरणारे पंखेही एवढीच वीज घेत होते ना? मग वाढ पंख्यांमुळे झालेली नाही. जुन्या घरात नव्हतं आणि इथे आहे, असं काय? तिथून शोध सुरू करा.

गणितात_ढ

हसू नका, पण युनिट म्हणजे नक्की काय? वॅट आणि युनिट यांत मी कायम गोंधळतो.

हिशेबनीस

हसायचं काय त्यात. वॅट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे भरलेली बादली. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. १० वॅटची वस्तू १०० तास चालली तरी एकच युनिट. म्हणून बारकी पण चोवीस तास चालणारी आणि दांडगी पण जरा वेळच चालणारी, अशा दोन्हींवर नजर ठेवायची.

मीटरबाबा

ताई, बाकी सगळं राहू द्या. आधी मीटरसमोर स्टूल टाकून बसा. माझी नोकरी याच कामात गेली.

डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, ते शेजारी छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर १६०० किंवा १०००. रात्री सगळे झोपले की गीझर, एसी, फ्रीज, पंखे, दिवे सगळं बंद करा. बटणावरून, रिमोटवरून नाही. मेन स्विच मात्र चालू ठेवा. आता दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. जे येतील ते वॅट, तुमच्या "बंद" घरात चालू असलेले.

एक जोडी मोजून उठू नका. दहा मिनिटं बसा. काही चोर दम खात खात चोरी करतात.

आणि फ्रीज परत चालू करायचा आहे अशी चिठ्ठी दाराला लावा. मी एकदा विसरलो होतो, सकाळी फ्रीजरमधला बर्फ स्वयंपाकघरभर फिरत होता.

उंबरठा

मीटरबाबा, दंडवत! आजच रात्री बसते. मीटर खाली जिन्याखाली आहे, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

धुकं

तोवर माझा एक प्रश्न. मी थंड मुलुखात राहते, गरम पाण्याशिवाय इथे पान हलत नाही. गीझर दिवसभर चालू ठेवावा की लागेल तेव्हाच लावावा? घरात यावरून दोन तट आहेत.

पाचवा_गिअर

चालू ठेवावा. गार पाणी पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते. एकदा तापलं की नुसतं टिकवायचं असतं, त्याला फारशी लागत नाही. शिवाय आत तापमान राखणारा थर्मोस्टॅट आहेच.

हिशेबनीस

गिअरभाऊ, हा गैरसमज फार जुना आहे. तळाला भोक असलेली बादली डोळ्यांसमोर आणा. बादली काठोकाठ भरलेली असेल तर गळती जोरात, पाणी खाली उतरलं की मंद. ती दिवसभर भरलेली ठेवायची तर दिवसभर सगळ्यात जोराची गळती भरून काढत बसायचं. उष्णतेचंही तसंच. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं गरम, तितकी उष्णता टाकीच्या भिंतीतून जोरात निसटते. निवू दिलं तर गळती कमी होत जाते, आणि परत तापवताना फक्त गळलेलं तेवढंच भरावं लागतं.

२५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट लागतं, २००० वॅटच्या गीझरला अर्धा तास. अंघोळी सकाळी तासाभरात उरकत असतील तर अर्धा तास आधी लावा आणि शेवटचा माणूस आत गेला की बंद करा. दोन अंघोळींच्या मध्ये वीस मिनिटांचा खंड पडला म्हणून चालू-बंद करत बसलात तर हाती चिमूटभर लागेल. तेवढ्यासाठी घरात भांडण नको.

गणितात_ढ

मग थर्मोस्टॅट ४० वर ठेवून दिवसभर चालू ठेवला तर? गळती पण कमी आणि पाणी पण तयार.

सूक्ष्मजीव

ते मात्र करू नका. साधारण २५ ते ४५ अंशांचं, साठून राहिलेलं पाणी हे लिजिओनेला नावाच्या जिवाणूंचं माहेरघर. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली, त्या तपासात हा जिवाणू ओळखला गेला आणि मेळाव्यावरूनच त्याला नाव मिळालं. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुफ्फुसात जातात, धोका तिथे असतो. म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवायचं आणि वापरताना गार पाणी मिसळायचं. ६० पर्यंत तापवून बंद करणं चांगलं, ४० वर दिवसभर कोमट ठेवणं वाईट. घरात म्हातारं माणूस असेल तर जास्तच.

दुपारची_झोप

वीज वाचवायला आलो होतो, आता अंघोळच वाचवतो.

खुसपट

तुमच्या धाग्यांवरच्या हजेरीवरून वाटत होतंच.

अक्षांश

मी घरं आखण्याचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष "वरचा मजला" आणि "पश्चिम" या दोन शब्दांवर अडकलं. उंबरठा, एक करा. रात्री नऊ वाजता पलंगावर उभ्या राहा आणि छताला तळहात लावा. भिंतीलाही लावा. छत भिंतीपेक्षा गरम लागलं तर तुमचा एसी खोली गार करत नाहीये, तो स्लॅबशी झुंजतोय. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते खोलीत सोडत राहतं. जुन्या घरात डोक्यावर शेजाऱ्यांचं घर होतं का?

याला उपाय वरून करायचा असतो, आतून नाही. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप दिला की ऊन शोषलं जाण्याआधीच परत फिरतं. पंखा मात्र गरम छताखालची हवाच ढवळतो.

पश्चिमेच्या खिडकीबद्दल लोक नेहमी फसतात. खिडकीवर रुंद छज्जा आहे म्हणून निश्चिंत राहतात. दक्षिणेकडून माथ्यावर येणारं दुपारचं ऊन छज्जा अडवतो, पण मावळतीकडचा सूर्य इतका खाली असतो की तो छज्ज्याखालून सरळ सोफ्यावर येऊन बसतो. तिथे उभी पट्टी, जाळी, वेल किंवा बाहेरून सोडायचा पडदा लागतो. बाहेरूनच. आतला जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता घरातच राहते. काच उन्हाला आत येऊ देते, तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र सहजासहजी बाहेर सोडत नाही.

आणि हे फुकटचं: दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तर खिडक्या बंद ठेवा. रात्री उलट झालं की समोरासमोरच्या उघडा. बरेच जण नेमकं याच्या उलट करतात.

उंबरठा

आत्ताच पलंगावर चढून आले. छत खरंच कोमट आहे! सासूबाईंनी विचारलं काय करतेयस, म्हटलं स्लॅबचा ताप बघतेय. हो, जुन्या घरात वर आणखी दोन मजले होते.

पाचवा_गिअर

एसी लावल्या लावल्या १८ वर ठेवायचा, खोली पटकन गार होते, मग २५ करायचा. मी असंच करतो.

मीटरबाबा

साध्या एसीत तसं काही होत नाही. कॉम्प्रेसर चालू असतो किंवा बंद असतो, मधलं काही नाही. १८ लावा नाहीतर २५, खोली त्याच वेगाने गार होणार. फरक इतकाच की तुम्ही २५ करायचं विसरून झोपता आणि तो रात्रभर धापा टाकत राहतो. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो, पण सुरुवातीला खोली तापलेली असली की तोही २५ वर असताना पूर्ण जोरानेच धावतो. सेटिंग एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं धरतात. सोबत पंखा मंद लावला तर दोन-तीन अंश वाढवूनही अंगाला तितकंच गार वाटतं. जाळी धुता का? धुवा. महिन्यातून एकदा, नुसत्या पाण्याने.

अवांतर: एसीचा "टन" म्हणजे मशीनचं वजन नव्हे. पूर्वी गारव्यासाठी बर्फ आणत, तेव्हाचं माप आहे ते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो तितकी उष्णता बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन, आजच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट.

दुपारची_झोप

अरेच्चा! मी आजवर समजत होतो की दीड टन बसवणाऱ्या पोरांच्या पाठीवर येत असेल.

धुकं

आमच्याकडे सगळं उलट. तुम्ही उष्णता बाहेर काढता, आम्ही आत कोंडतो. पण धडा तोच, फटी शोधा. जोराचा वारा असेल त्या दिवशी पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, खिडकीच्या चौकटीने, पाइप भिंतीतून जातो तिथे हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर तिथे फट. माझ्या घरात सगळ्यात मोठी फट सिंकखाली निघाली, पाइपाभोवती दोन बोटं जाईल एवढी! रबरी पट्टी आणि सीलंट, दुपारभराचं काम. (स्वयंपाकाचा गॅस किंवा धूर बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या जाळ्या बुजवू नका.)

आणि विजेच्या हीटरच्या जाहिरातींना भुलू नका. तेलाचा, काचेचा, "अतिकार्यक्षम", कुठलाही घ्या. एक युनिट घातलं की एकच युनिट उष्णता मिळते. उष्णता तयार न करता बाहेरून ओढून आणणारा हीट पंप तेवढा निराळा. तो एका युनिटात तीनेक युनिटांची उष्णता आत आणतो.

खुसपट

सगळे उत्साहात आहेत म्हणून थोडं विरजण. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, तरी कोळशाचा खप घटला नाही, वाढला. घरात तेच चालतं. पूर्वी बैठकीत ६० वॅटचा एकच पिवळा बल्ब असायचा. तेवढाच उजेड आता ८-९ वॅटच्या एलईडीत मिळतो, म्हणून आपण छतात बारा दिवे गाडले आणि टीव्हीच्या मागे एक निळी पट्टी. बारा नव्वे एकशे आठ. झाली की नाही बचत?

पाचवा_गिअर

खुसपटराव आमच्या घरी कधी येऊन गेले?

हिशेबनीस

मुद्दा खरा आहे, पण तो ताणू नये. दिवे घरातली सगळ्यात हलकी बाब. ९ वॅटचा दिवा चुकून रात्रभर राहिला तर युनिटचा दहावा हिस्सासुद्धा जात नाही. दिव्यांवरून मुलांना ओरडण्यात जी शक्ती जाते ती एसीची जाळी धुण्यात घालवा. बिल वाढवतात त्या तापवणाऱ्या आणि थंड करणाऱ्या वस्तू, आणि मोटर.

वॉशिंग मशीन घ्या. ड्रम फिरवायला फार वीज लागत नाही, पाणी तापवायला लागते. गरम पाण्याचं बटण रोज दाबत असाल तर मशीनच्या पोटात तुमचा दुसरा गीझर आहे.

अक्षांश

तिसरा गीझर सांगू? बेसिनचा एकदांडी नळ. दांडी दिसायला छान म्हणून मधोमध ठेवतात. मग नुसते हात धुतले तरी अर्धं पाणी गरम नळीतून ओढलं जातं. ते बोटांपर्यंत पोचण्याआधी हात धुऊन होतात, आणि नळीत आलेलं गरम पाणी तिथेच निवतं. गीझर चालू असताना दांडी गारेकडे ढकलून ठेवा.

उंबरठा

मंडळी, रात्रीचा अहवाल. जिन्याखाली स्टूलावर सव्वाअकरा ते पावणेबारा. एक शेजारी येऊन "काही हरवलंय का वहिनी" विचारून गेले.

मीटर ३२०० चाच आहे. सगळं बंद केल्यावर दिवा साधारण दर ३० सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. म्हणजे ३७ वॅट. म्हटलं ठीक आहे, आता वर जावं. पण मीटरबाबांनी दहा मिनिटं बसायला सांगितलं होतं म्हणून बसले. आणि एकदम तो दोन-दोन सेकंदांनी लुकलुकायला लागला! पंधराएक सेकंद तसा, मग परत शांत. मला वाटलं भास झाला. अडीच मिनिटांनी पुन्हा. परत अडीच मिनिटांनी पुन्हा. घड्याळ लावून सहा वेळा बघितलं, अगदी नेमाने. घरात कोणी जागं नाही, सगळी बटणं बंद. खरं सांगते, अंगावर काटा आला.

दुपारची_झोप

घर सोडा.

मीटरबाबा

थांबा, कुठे जाऊ नका. दोन सेकंदांना एक म्हणजे ५६० वॅट. त्यातून नेहमीचे ३७ वजा केले की उरतात सव्वापाचशे. ही मोटर आहे. आणि पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही पाण्याचं बिलही वाढलंय असं लिहून सोडून दिलंत. वरच्या मजल्यावर शॉवरला जोर यावा म्हणून गच्चीवर प्रेशर पंप बसवलाय का?

उंबरठा

हो!! टाकीशेजारी एक छोटा निळा पंप आहे. घर ताब्यात घेतलं तेव्हाच बसवलेला होता. त्याचं बटण वर गच्चीच्या पेटीत आहे, मला आठवलंच नाही.

मीटरबाबा

मग हाच चोर, पण चोराला दार उघडून देणारा दुसराच आहे. नळ उघडला की नळीतला दाब पडतो, पंप चालू होतो. सगळे नळ बंद असताना पंप दर अडीच मिनिटांनी उठतोय म्हणजे घरात कुठेतरी पाणी चाललंय. बहुतेक वेळा फ्लशची टाकी असते. ती आवाज करत नाही, जमीन ओली करत नाही, भांड्याच्या आतल्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखी वाहते.

टाकीचं झाकण उघडून आत रंग टाका. अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर सापडली. आणि झोपताना पाण्याच्या मीटरचं वाचन लिहून ठेवा, सकाळी पहिला नळ उघडायच्या आधी परत बघा.

हिशेबनीस

तोवर माझं काम करतो. ५२५ वॅट, दर १५० सेकंदांत १५ सेकंद, म्हणजे सरासरी साडेबावन वॅट. महिन्याचे ७२० तास. जवळजवळ ३८ युनिट, कोणी एक थेंब पाणी वापरलं नाही तरी. आणि ते ३७ वॅट बारीकसारीक चालू आहेत त्यांचे वेगळे २६-२७ युनिट.

पाचवा_गिअर

३७ वॅट कसले पण? तिने तर सगळं बंद केलं होतं.

हिशेबनीस

राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरची बॅटरी, मायक्रोवेव्हचं घड्याळ. काही सेट-टॉप बॉक्स "बंद" असतानाही दहा-पंधरा वॅट घेतात. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सुचवलं होतं की झोपलेल्या उपकरणाने एका वॅटपेक्षा जास्त घेऊ नये. नवी उपकरणं बरीचशी त्या वाटेवर आली, पण ज्यांना सतत इंटरनेटला चिकटून राहायचं असतं त्यांचं अजून जड आहे.

उंबरठा

सापडली! सापडली! सापडली!

काल रात्री अकराला पाण्याचं मीटर वाचलं, सकाळी सहाला परत वाचलं. सात तासांत २१० लिटर. सगळे झोपलेले. मुलाच्या रंगपेटीतला निळा रंग तिन्ही फ्लशच्या टाक्यांत टाकला. आमच्या दोन्हींत काही नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, जिथे आल्यापासून कोणी पाऊलही ठेवलं नाही, वीस मिनिटांत भांडं निळंशार!

प्लंबरदादांनी टाकीच्या तळाचा रबरी वॉशर काढून हातावर ठेवला. त्यात सिमेंटचा एक खडा रुतलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. बांधकामाच्या वेळचा. तेवढ्यामुळे वॉशर पुरता बसत नव्हता. तो खडा मी डबीत ठेवलाय.

हिशेबनीस

सात तासांत २१० म्हणजे दिवसाला ७२० लिटर. तीन महिन्यांत सुमारे ६५,००० लिटर.

दुपारची_झोप

तो खडा फ्रेम करून मीटरवर लावा.

सूक्ष्मजीव

निळ्या पाण्याचा फोटो टाकायचात की! बाकी वापरात नसलेल्या बाथरूमचे नळही आठवड्यातून एकदा मोकळे सोडत जा, नळीत साठलेलं पाणी बरं नसतं.

नुसतंच_वाचतो

पहिल्यांदाच लिहितोय. सोलर लावायचा विचार चालू होता, हा धागा वाचून थांबलो. आधी लावू की आधी हे सगळं शोधू?

अक्षांश

आधी शोधा. गळक्या फ्लशसाठी पॅनेल कशाला वाढवता? खप खाली आणा, वर्षभराची बिलं समोर ठेवा, मग किती किलोवॅट ते ठरवा. गच्चीवर सावली कधी आणि कुठे पडते ते सकाळ-दुपार-संध्याकाळ बघा. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडणीनुसार रांगेतल्या बाकीच्यांनाही ती खाली ओढू शकते. पॅनेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून ती गच्चीला चिकटवून नाही, खालून वारा खेळेल अशी बसवतात. त्यांच्या सावलीने छतही गार राहतं हा वरचा फायदा.

उंबरठा

धागा वर काढतेय, पूर्ण महिन्याचं बिल आलं. ३१२ युनिट!

काय काय केलं: फ्लश दुरुस्त. गीझर सकाळी तासभर, बाकी वेळ बंद. रात्री सेट-टॉप बॉक्स बटणावरून बंद, आजींची तक्रार आहे पण त्या सहकार्य करताहेत. एसी २३ वरून २६ आणि सोबत मंद पंखा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा. पाण्याच्या बिलाचं तर काय सांगू, मीटर वाचणाऱ्या माणसानेच विचारलं की घरी कोणी नसतं का.

खुसपट

अभिनंदन. पण या महिन्यात एसी तितकेच तास चालला का? हवा बदलली असेल तर श्रेय सगळं खड्याला देऊ नका.

उंबरठा

खुसपटदादा, थोडा कमी चालला हे खरं. शेवटचे आठ-दहा दिवस लावलाच नाही. आणि जुन्या घराच्या २४० पासून मी अजूनही लांबच आहे. राहिलेला वाटा छताचा असावा. गच्चीच्या लेपासाठी परवानगी मागितली आहे, खालच्या मजल्यावरच्यांना त्यात काही रस नाही, त्यामुळे चर्चा रेंगाळतेय.

नुसतंच_वाचतो

मीटरबाबा, तुमच्यासाठी एक प्रश्न. काल मीही स्टूल घेऊन बसलो. घरातलं एकूण एक बंद, फ्रीजचा प्लगसुद्धा काढला. तरी १५ सेकंदांना एक लुकलुक, ७५ वॅट. पंप नाही, फ्लश तपासला, कोरडा. काही सापडेना.

मीटरबाबा

आता मेन स्विच पाडा आणि बघा. तरीही लुकलुकत राहिला तर स्वतः वायरीला हात लावू नका, जाणत्या वायरमनला बोलवा. थांबला तर भार तुमच्याच स्विचमागे कुठेतरी आहे. मग सगळे एमसीबी (पेटीतले छोटे खटके) पाडून मेन चालू करा, एकेक उचलत जा आणि कुठल्याने तो परत सुरू होतो ते शोधा.

नुसतंच_वाचतो

मेन पाडला. मीटर थांबलं. आणि त्याच क्षणी चारही मजल्यांवरचे जिन्यातले दिवे गेले. तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "लाईट गेली का हो?"

दुपारची_झोप

किती वर्षं राहताय म्हणालात तिथे?

नुसतंच_वाचतो

अकरा.